न बसणारी टोपी

हांसीच्या मंडईत रामसरूप बिंदल यांचं तुपाचं दुकान होतं. पण त्या दुकानाचं नाक घरी चुलीपाशी बसलेलं असे. नवा डबा आला की आधी त्यांच्या बायकोकडे, शरबतीकडे. ती बोटभर तूप मनगटाच्या मागच्या बाजूला चोळायची, डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची, "यात डालडा आहे. परत पाठवा." लालाजी परत पाठवायचे. लालाजी गेले, मुलगा मुकुल गादीवर बसला, तरी नाक तेच राहिलं.

तूप हुंगता हुंगता बाई माणसंही हुंगायला लागली, असं गल्लीत म्हणायचे. ते उलट होतं. माणसं हुंगायला ती आधी शिकली होती, तूप नंतर. पण ते पुढे येईल.

शरबतीला कुणी चांगलं म्हटलं की तिला वाटे, याला काय हवंय? कुणी वाईट म्हटलं की वाटे, याला कुणी शिकवलं? दुधानं तोंड पोळलेलं नसतानाही ती ताक फुंकून प्यायची. या स्वभावाला गल्लीत मान होता, कारण सोयरीक जुळवताना असंच माणूस लागतं. अगरवालांच्या अठरा गोत्रांत कोणाचं कोण, कोणाच्या आजीचं माहेर कुठलं, हे तिला तोंडपाठ. मुलाचं गोत्र, मुलीचं गोत्र, दोघांच्या आयांची माहेरची गोत्रं, सगळी वेगळी निघाली की मग ती पापड मोडायची आणि म्हणायची, "हं. आता पुढचं बोला." मुकुलचं लग्न तर तिनं चाळणीतून नाही, वस्त्रातून गाळलं होतं. सिरशाच्या कंसलांची चारू. चारही गोत्रं निराळी. कुठे खडा नाही.

नातू झाला तेव्हा बाळंतिणीबरोबर रीतीप्रमाणे विहीर पूजायला गेलेल्या बायकांनी बाळाचं डोकं पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं. डोकं मोठं होतं, आणि महिन्यागणिक ते अंगापेक्षा जोरात वाढत होतं. शरबती खूश. "डोकं मोठं सरदाराचं, पाय मोठे गावंढळाचे," ही म्हण तिकडे कुणालाही झोपेत विचारा, सांगतील. मुलाचं नाव लविश ठेवलं; पण ती त्याला हाक मारायची सेठजी. बाजारातून आणलेली एकही टोपी त्याला बसेना, तर ती दुकानदाराला ऐकवायची, "तुमच्या टोप्या नोकरांच्या आहेत. आमच्याकडे शेठ जन्मलाय."

दृष्ट लागू नये म्हणून मात्र तिनं डोळ्यांत तेल घातलं होतं. गळ्यात काळा दोरा, कपाळाच्या कोपऱ्यात काजळ, आणि जी बाई 'किती गोड' म्हणेल ती गेल्यावर बाळावरून मिरच्या ओवाळून चुलीत.

सेठजी बसायला उशिरा शिकला, उभं राहायला त्याहून उशिरा. चालायला लागला तोही दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत. चारू म्हणाली, "मांजी, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवू या का?" शरबतीनं तिच्याकडे बघितलं. आईनंच पोरात खोट काढावी? पाणी कुठेतरी मुरत होतं.

मग तो पडला.

दुपारची वेळ. शरबती शेजारी रोशनीकडे कैऱ्या चिरायला गेली होती. चारू स्वयंपाकघरात, फोनवर आईशी बोलत. सेठजी अंगणातल्या बाजेवरून उतरायला गेला आणि डोक्यावर आला. बाज वीतभर उंच. पोरं अशी रोज पडतात, रडतात, विसरतात. हा रडला नाही. संध्याकाळी त्याला झटका आला, डोळे फिरले, आणि पुढचे काही दिवस तो सरकारी इस्पितळातल्या खाटेवर नुसता पडून होता. शुद्धीवर आला, घरी आला, दादीला ओळखून हसलाही. पण पाय टेकेनात.

शरबतीनं तपास हाती घेतला. तिनं बाजेची उंची हातानं मोजली. अंगणात कुठे दगड आहे का पाहिलं. रोशनीला विचारलं, "तुला काही आवाज आला होता?" भांडीवालीला विचारलं, "सूनबाई त्या दिवशी चिडलेली होती का गं?" फोनवर काय बोलणं चाललं होतं, हे तर ती चारूला आडून, सरळ, गोड, कडू, सगळ्या तऱ्हेनं विचारत राहिली.

"आईला कढीची कृती विचारत होते, मांजी."

"कढीला एवढा वेळ लागतो?"

"पडला तेव्हा मी लगेच धावले."

"धावलीस, की तुझ्याच हातून सुटला?"

चारूनं उत्तर दिलं नाही. न दिलेलं उत्तर शरबतीनं कबुलीजबाब म्हणून गाठीला बांधलं. पुढच्या आठवड्यात चादर बदलताना चारूला आपल्या उशीच्या अभ्र्यात राखेची पुडी सापडली, काळ्या दोऱ्यानं बांधलेली. खरं बोलायला लावणारी राख. कुठल्याशा बाबाकडून आणलेली. चारूनं ती पुडी सासूच्या ताटाशेजारी ठेवली. त्या दिवसापासून ती स्वतःची उशी, पोराची दुलई, सगळं रोज दाबून बघू लागली. एका घरात दोन बायका हुंगायला लागल्या. मुकुल मधल्या मध्ये दुकानात जास्त बसू लागला. पुरुषांना हे बरं जमतं.

शेवटी चारूच्या हट्टानं दिल्लीला नेलं. शरबतीही गेली, डॉक्टरीणबाई काय बोलतात यापेक्षा सून त्यांना काय सांगते ते ऐकायला. डॉक्टरीणबाईंनी सेठजीच्या डोक्याभोवती फीत लावली, पाय वाकवून पाहिले, मेंदूचे फोटो दिव्यासमोर धरले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही अगरवाल का?"

शरबतीचे कान टवकारले. पोराच्या आजाराशी जातीचा काय संबंध? "का? अगरवालांना जास्त बिल लावता?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मेंदूतून हातापायांना निरोप नेणारे धागे असतात, मांजी. विजेच्या तारेवर जसं रबर असतं, तसं त्या धाग्यांवर वेष्टण असतं. तुमच्या नातवाच्या वेष्टणात पाणी साठलंय. मेंदू सुजल्यासारखा झालाय, म्हणून डोकं मोठं. निरोप नीट पोचत नाहीत, म्हणून तोल जातो. हा आजार फार क्वचित होतो. पण तुमच्या समाजात जरा जास्त दिसतो, म्हणून विचारलं."

"पडल्यामुळे झालं ना हे?" शरबतीनं सुनेकडे न बघता विचारलं.

"नाही. पडला म्हणून आजार झाला नाही. आजार होता म्हणून पडणं बाधलं. अशा मुलांना डोक्यावरचा साधा टोलाही सोसत नाही. हा जन्मापासूनचा आहे. रक्तातून आलेला."

चारूनं डोळे मिटून घेतले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला आरोपातून सोडवलं होतं. पण शरबतीनं त्यातला एकच शब्द उचलला. रक्तातून. म्हणजे पोर हातून सुटलं नाही, तर आजार माहेरून आणला.

"कोणाच्या रक्तातून?"

"दोघांच्या. आईकडून एक खोट, बापाकडून एक. दोन्ही एकत्र आल्या तरच आजार होतो. एकच असेल तर माणूस ठणठणीत, जन्मभर पत्ताही लागत नाही."

"आम्ही चार गोत्रं टाळून लग्न करतो, डॉक्टर."

"गोत्र टळतं, मांजी. हे नाही टळत. कित्येक पिढ्यांमागे कुणा एकात हे आलं असेल. तेव्हापासून तुमच्या मुली या गोत्रातून त्या गोत्रात जात राहिल्या आणि त्यांच्याबरोबर हेही फिरत राहिलं. लग्नं तर आपल्या आपल्यातच ना?"

आयुष्यभर जी चाळणी हातात धरली तिला भोकंच निराळी आहेत, असं कुणी सांगितलं तर कोण ऐकून घेईल? शरबतीनं ऐकलं नाही. दोघांचं म्हणजे कोणाचंच नाही. हे डॉक्टर लोकांचं गोड बोलणं. तिनं बाही वर केली. "माझं रक्त घ्या."

"तुमची गरज नाही. मुलाचं आणि सुनेचं पुरे आहे."

"घ्या म्हणते ना. तूप शुद्ध आहे की नाही, ते डब्यापर्यंत जाऊन बघावं लागतं." आणि मग चारूच्या तोंडासमोर, मुकुलला साक्षी ठेवून ती म्हणाली, "जिच्या रक्तात खोट निघेल तिनं माहेरी जाऊन बसायचं. माझ्या निघाली तर मी जाईन."

मुकुल "मां, काहीतरी काय" एवढंच म्हणाला. चारू म्हणाली, "ठीक आहे, मांजी." इतक्या थंडपणे की शरबतीला पुन्हा संशय आला.

मुकुल आणि चारूचे निकाल आधी आले. खोट दोघांत. शरबतीनं पहिलं नाव चारूचं ऐकलं आणि पुढचं तिच्या कानात शिरलं नाही. चारूचा भाऊ तीजेच्या सणानंतर येऊन बहिणीला आणि भाच्याला घेऊन जाईल, असं ठरलं. 'थोडे दिवस' म्हणायचं. पण थोडे दिवस म्हणजे किती, हे सगळ्यांना कळत होतं. रोशनी तर मुकुलसाठी दुसरी मुलगी सुचवूनही गेली. सेठजी जाणार या विचारानं शरबती त्याला उचलून मांडीवर घ्यायची. मग ती स्वतःला समजवायची, की खोट घरात ठेवून चालत नाही.

मात्र सिरशाच्या त्या लोकांनी फसवलं कसं, ते तिला हुडकायचंच होतं. गोत्र लपवलं? कुणी दत्तक घेतलेलं? तिनं घेवराच्या मिठाईचा डबा घेतला, तीजेचं निमित्त केलं आणि एकटीच बसनं सिरशाला गेली.

चारूची आई प्रेमलता दारातच उभी होती, जणू वाटच बघत होती. पाटावर बसवलं. चुरम्याचं ताट आलं. शरबतीनं चिमूट उचलून नाकाशी नेली.

"हुंगा, हुंगा," प्रेमलता म्हणाली. "तुमच्याच दुकानाचं तूप आहे, विहीणबाई."

शरबतीनं चिमूट तोंडात टाकली. "चौकशी करायला आले. रागावू नका. तुमच्या घरात असं पोर आधी कधी झालं होतं?"

"झालं असेल. माझ्या सासूबाईंचे दोन मुलगे लहानपणीच गेले. कशानं, कुणी विचारलं नाही." तिनं पाण्याचा लोटा पुढे सरकवला. "आता मी एक विचारते. रागावू नका. आमची मावशी तोशामला दिली होती, तायलांच्या शेजारी. ती सांगते, तायलांच्या घरात एक मुलगा होता. त्याला म्हणे टोपीच बसायची नाही."

शरबतीचा हात ताटातच राहिला.

तोशामचे तायल म्हणजे तिचं माहेर. आणि तो मुलगा म्हणजे बिरजू, तिचा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे मुखिया म्हणायचे, कारण डोकं मोठं. तो झोकांड्या देत चालायचा. एक दिवस अनारो चाचीनं त्याला उंटगाडीवर बसवला आणि तो घसरून पडला. त्यानंतर तो उठलाच नाही. वर्षानुवर्षं ओसरीवर पडून राहिला आणि तिथेच गेला. चाचीनं पाडला. हे घरात कुणी ओरडून म्हणालं नाही. फक्त त्या दिवसापासून चाचीच्या मांडीवर कुणी मूल दिलं नाही. आईनं लहानग्या शरबतीला जवळ घेऊन सांगितलं होतं, "चाचीवर नजर ठेव. काय करते, कुणाशी बोलते, मला येऊन सांग." माणसं हुंगायला ती तिथे शिकली. मोठी झाल्यावर तूप सोपं गेलं.

चाचीनं एकदा तिच्यासाठी चिंध्यांची बाहुली शिवली होती. आईनं ती हिसकावली आणि कात्रीनं पोट उसवून बघितलं. आत चिंध्याच निघाल्या. तरीही आईनं ती चुलीत घातली. चाची दारात उभी राहून बघत होती.

"तो गाडीवरून पडला होता," शरबती म्हणाली.

"हो," प्रेमलता म्हणाली. "आणि आमचा नातू बाजेवरून."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि दोन्ही वेळा कावळ्यालाच धरलं. शरबतीला हे त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं, आणि कळलेलं तिला आवडलं नाही. ती उठली, घेवर तिथेच ठेवून निघाली. बसमध्ये मुकुलचा फोन आला. तिच्या रक्ताचा निकाल दिल्लीहून आला होता. तो अडखळत होता. "मां, घरी ये, मग बोलू."

"बोल आता."

"तुझ्यात आहे. तुझ्याकडूनच माझ्यात आलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण दुसऱ्याला म्हणतो तेव्हा किती हसू येतं. शरबती खिडकीबाहेर बघत राहिली. क्षणभर तिच्या मनात आलं, मुकुलला गप्प राहायला सांगावं. आपण, मुकुल आणि दिल्लीच्या डॉक्टरीणबाई सोडून कुणाला कळणार? पेटी ठरल्याप्रमाणे चारूचीच जाईल. हा विचार तिनं आयुष्यात दुसऱ्यांच्या डोळ्यांत किती वेळा पकडला होता. स्वतःच्या मनात तो इतका सहज येऊन बसेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि भीतीही.

घरी आली तेव्हा चारूची पेटी अंगणात होती. वर सेठजीची दुलई घडी करून ठेवलेली. चारूचा भाऊ सकाळी येणार होता. सेठजी बाजेवर उशांच्या मध्ये बसून डबा वाजवत होता. "दादी, घेवर?" त्यानं विचारलं.

"मुकुल," शरबती म्हणाली, "माझी पेटी पण माळ्यावरून उतरव."

"कशाला?"

"जिच्या रक्तात खोट, तिनं माहेरी जायचं. मीच म्हणाले होते."

मुकुल गडबडला. "तोशामला आता कोण आहे तुझं?"

"कोणी नाही. अनारो चाचीची खोली रिकामी आहे. तीच मला बरी."

चारू पेटीशेजारी उभी होती. तिनं सासूचा चेहरा न्याहाळला. डबा उघडायच्या आधी शरबती न्याहाळायची, अगदी तसा. ती वर्षभरात पुरती तयार झाली होती. हा नवा डाव कुठला? रडून दाखवायचं, गल्ली गोळा करायची, मग पुन्हा सून वाईट? "मांजी, हे खरं आहे की माझ्या भावासमोर करायचं नाटक आहे?"

"खरं आहे. मुकुलला विचार. नाहीतर दिल्लीला फोन कर."

चारूनं खरंच केला. तिथे उभी राहूनच. दिल्लीच्या त्या इस्पितळातली कुणी मुलगी थांबून थांबून बोलत होती, आणि शरबती आपल्या अंगणात परक्यासारखी हात जोडल्यागत उभी होती. चारूनं फोन ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "दोन्ही पेट्या माळ्यावर ठेवा. भावाला मी कळवते." त्या घरात हुकूम तिनं पहिल्यांदाच दिला होता, आणि मुकुलनं तो ऐकला.

पुढच्या दिवसांत दोघी फार बोलल्या नाहीत. रोशनीला मात्र शरबतीनं ओसरीवर बसवून सांगितलं, की पुढची सोयरीक आणलीस तर गोत्राआधी रक्त विचारीन. रोशनी म्हणाली, "बाई, असं विचारलं तर कोण मुलगी देईल?" शरबती म्हणाली, "मग न देवो." घरोघर हे पसरलं आणि तिचा मान थोडा उतरला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, झटक्याचं औषध चुकवू नका, पायांचे व्यायाम करा आणि डोकं जपा. बाजारात डोकं जपणाऱ्या टोप्या होत्या. सेठजीला बसणारी एकही नव्हती. तेव्हा शरबतीनं जुनी मऊ दुलई उसवली, रिळाचा दोरा घेऊन नातवाचं डोकं चारी बाजूंनी मापलं आणि कापूस भरून जाड टोपी शिवायला घेतली. कानांवर पाळ्या, मागे दुहेरी घडी, हनुवटीखाली बंद. तिला त्या कामात इतका आनंद झाला, की ती नकळत गुणगुणू लागली.

टोपी तयार झाली तेव्हा ती चारूच्या हातात देत म्हणाली, "घाल त्याला. बसेल."

चारूनं घातली नाही. तिनं टोपी उलटी केली. शिवणीवरून बोट फिरवलं, कापूस जागोजाग दाबून पाहिला. मग शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली आणि मागची घडी उसवली. दोन बोटं आत घालून तिनं चाचपलं. कापूसच होता.

शरबती दारात उभी राहून बघत होती. कुणी गालावर मारलं असतं तर कमी लागलं असतं. उशीतली राख तिची होती. त्यामुळे तिला बोलायला तोंड नव्हतं. पण तिला राखेची आठवण झाली नाही. तिला दारात उभी असलेली अनारो चाची आठवली. चाचीला हे एकदा नाही, मरेपर्यंत रोज लागत राहिलं असेल, आणि त्या घरात नजर ठेवायला ठेवलेली पोर आपण होतो.

ती आत गेली, सुई घेतली, डोळ्यांजवळ धरून ओवली आणि चारूपुढे केली.

"तू शीव," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या मनात काही राहणार नाही."

चारूनं सुई घेतली. खाली बसून एकेक टाका घालत घडी शिवून काढली. मग टोपी सेठजीच्या डोक्यावर चढवली आणि बंद बांधला. बसली.